पाठ कोणाले दाखवायची

२०२२ साली मी बासष्ट वर्षांचा होतो आणि आमचे शाहीर सहासष्ट वर्षांचे, आणि मी छातीवर हात ठेवून लिहितो की काळजी करण्यात त्यांच्या जवळपास येईल असा माणूस कारध्यापासून आंबागडापर्यंत तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. लोक काळजी करतात ती काही झाल्यावर. शाहीर काही व्हायच्या आधी करतात, झालं नाही तर का झालं नाही म्हणून करतात, आणि करायला काहीच उरलं नाही की आपण नक्की काहीतरी विसरलो असं म्हणून अंगणात येरझारा घालतात. मी चौथी पास आहे, तीही दोन खेपांत, त्यामुळे सजवून लिहिणं मला येत नाही. पण तोवर चौतीस वर्षं मी या माणसाच्या मागे उभा राहिलो होतो. त्यांची मान, त्यांचे कान आणि त्यांचा फेटा मी जितका पाहिला तितका त्यांच्या घरच्यांनीही पाहिला नसेल. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे, आणि कोणाला तसं वाटत नसेल तर त्यानं माझ्याकडे येऊन बोलावं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमची खडीगंमत. खडी म्हणजे उभी. पडदा नाही, स्टेज नाही. लोक चारी बाजूंनी जमिनीवर बसतात, मधात मोकळी जागा, त्यात शाहीर डफ घेऊन उभा आणि त्याच्या मागे आम्ही तिघं. माझ्या काखेत चोनकं असतं, एका तारेवर वाजवायचं. शाहिरानं एक कडी एका बाजूला म्हटली की एक पाऊल फिरायचं, दुसरी कडी दुसऱ्या बाजूला, असं चार कड्यांत चारी बाजू पूर्ण. एखाद्या बाजूला जास्त वेळ पाठ दिसली तर तो त्या बाजूच्या माणसांचा अपमान. आणि दुसरी गोष्ट झील. शाहीर ओळीचं शेवटचं टोक सोडतो, ते आम्ही मागून उचलतो आणि लांबवतो. तेवढ्यात तो दम घेतो, पुढची ओळ आठवतो. झील आली नाही तर ओळ उघडी पडते, आणि आमच्यात उघडी ओळ म्हणजे भर रस्त्यात धोतर सुटल्यासारखं. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक ओळ उघडी पडली नव्हती. हे मी फुशारकीनं लिहितो, कारण दुसरी फुशारकी मारायला माझ्याजवळ काही नाही.

तर शाहिरांची काळजी. गळा हे त्यांच्या काळजीचं मुख्य घर. मे महिन्यात, जेव्हा आमच्या भंडाऱ्यात कावळेही सावली शोधतात, तेव्हा हे गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात. कुठेही गेले तरी घरच्या विहिरीचं पाणी पाच लिटरच्या डबकीत सोबत, आणि ती डबकी उचलायला मी. गाडीचं तर विचारूच नका. नागपूरला आकाशवाणीत गाणं होतं तेव्हा आम्ही वरठीच्या स्टेशनावर तीन तास आधी जाऊन बसलो. तिकीटबाबूला त्यांनी चार वेळा विचारलं की गाडी रद्द तर नाही झाली. शेवटी आधीची एक गाडी आली, तर आमची भरून येईल या काळजीनं त्यांनी मला तिच्यातच चढवलं, आणि नागपूर येईपर्यंत मागच्या गाडीत आपल्या दोन जागा रिकाम्या येऊन राहिल्या असतील म्हणून हळहळत राहिले.

आणि गंमत त्यांच्या अंगात इतकी भिनलेली की बसून त्यांना बोलताच यायचं नाही. चहाच्या टपरीवरही उभे राहून, आणि तेही चौफेर. एक वाक्य चहावाल्याला, दुसरं बाकावरच्या माणसांना, तिसरं रस्त्याला, चौथं टपरीच्या मागे बांधलेल्या बकरीला. मोठ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा घराण्याची माहिती सांगताना हे असेच फिरले, पाहुण्यांकडून स्वयंपाकघरातल्या बायांकडे, तिथून भिंतीकडे, भिंतीकडून गोठ्याकडे, आणि पाहुण्यांमधले एक वयस्कर मामा शिष्टाचार समजून उठले आणि त्यांच्यासोबत फिरू लागले. सोयरीक जमली. ते मामा अजून भेटले की फिरूनच बोलतात. डॉक्टराकडे मीच नेलं होतं एकदा. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, तर हे उभे राहून म्हणाले, दोन दिवसांपासून छातीत धडधड. आणि थांबले. डॉक्टर त्यांच्याकडे पाहत, हे डॉक्टरांकडे पाहत. माझ्या लक्षात आलं. मी दारातून म्हटलं, धडधड हो जी. मग पुढची तक्रार सांगितली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला विचारलं, तुम्ही यांचे कोण. मी म्हटलं, झीलकरी. त्यांनी तेही कागदावर लिहून घेतलं.

पण एकदा का कानावर हात ठेवून पहिली ओळ सोडली की तलावाच्या पलीकडच्या पाळीवर गुरं राखणारा माणूस इकडे वळून पाहायचा. तेव्हा मला वाटायचं की हा माणूस काळजी गावाबाहेर ठेवून येतो आणि गंमत संपली की परत उचलून घरी नेतो. चौतीस वर्षं मी तसं समजत होतो.

त्या साली, म्हणजे २०२२ ला, मंडई पाहायला पुण्याकडची एक पिच्चर काढणारी बाई आली. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते ती जत्रा, तिथे दिवसाढवळ्या गंमत उभी होते. बाई वयानं माझ्या मोठ्या नातीच्या वरची असेल, डोक्यावर टोपी, पायात पुरुषी बूट. तिनं शाहिरांना पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात घरी आली. तिच्या पिच्चरमध्ये एक म्हातारा तलावाच्या पाळीवर बसलेला असतो आणि शहरातून परत आलेल्या लेकीशी चार वाक्यं बोलतो, तेवढं काम. शाहिरांनी आधी नाही म्हणायची सगळी कारणं तिला सांगितली. मधातच खोकला आला तर पिच्चर बंद पडते काय, मी मेलो तर अर्ध्या पिच्चरचं काय करता, डोळा फडफडला तर पडद्यावर केवढा दिसते. ती सगळ्याची उत्तरं देत बसली. शेवटी वहिनी, म्हणजे शाहिरांच्या मंडळी, चहा ठेवत म्हणाल्या, "घेऊन जा वो बाई याहिले. थोडी काळजी तिकडं बी करू दे."

आंबागडाच्या किल्ल्याखालच्या एका तलावावर शूटिंग होतं. पहिली पंचाईत बसण्याची. पाळीवर बसून बोला म्हटलं की यांच्या तोंडातून शब्दच निघेना. दगड शोधून, त्याला टेकून, बसल्यासारखं उभं राहायचं असं ठरलं. मग कॅमेरा सुरू झाला. पहिलं वाक्य यांनी लेकीला बरोबर म्हटलं. मग एक पाऊल फिरून दुसरं वाक्य लाइटवाल्यांना म्हटलं, तिसरं जनरेटरवाल्याला, आणि चौथं तिकडे डोक्यावर भारे घेऊन उभ्या राहिलेल्या गावच्या बायांना. बायांनी माना डोलावल्या. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, बाबा, कॅमेरा इकडे आहे. शाहीर म्हणाले, "तो दिसला मले. पण हे बाकीचे मानसं का झाडं हायत? पाठ कोणाले दाखवू, ते तुमी सांगा."

मॅडम हसल्या नाहीत. मला त्या बाईची हीच गोष्ट पटली. त्यांनी तोच तुकडा अकरा वेळा घेतला. दुसरी पंचाईत माझ्यामुळे झाली. वाक्य झालं की हे झिलेसाठी थांबत आणि पुढचं आठवत नसे, म्हणून मी पळसाच्या झुडपामागे बसून बारीक आवाजात टोक उचलू लागलो. आवाज पकडणाऱ्या माणसानं कानावरची डबडी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली, आणि सरळ झुडपापर्यंत आला. मला वाटलं आता दोघांनाही घरी पाठवतात. पण मॅडमनी मला हाताला धरून कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला स्टुलावर बसवलं. त्या शाहिरांना म्हणाल्या, इथे दुसरं कोणी नाही, फक्त हे आहेत. यांना सांगा.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या समोर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती चार वाक्यं इतक्या हळू म्हटली की घरात कोणी आजारी असताना बोलतात तसं. डोळे सगळे भीतीनं भरलेले. तेव्हा मला कळलं की काळजी गावाबाहेर वगैरे काही राहत नव्हती. ती तोंडावरच असायची, मी मागून पाहत होतो म्हणून दिसली नव्हती. मॅडम म्हणाल्या झालं. लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. शाहिरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की टाळ्या चांगल्याच्या होत्या का सुटल्याच्या.

चांगल्याच्याच होत्या. तो पिच्चर कुठे कुठे फिरला, आमच्या शाळेच्या भिंतीवर चादर लावून दाखवला गेला, आणि शाहीर चार वाक्यांत गावाला असे काही दिसले की बायांनी डोळे पुसले. मग दुसरा पिच्चर आला. तिसऱ्यात तर ते मरतात. त्या कामाच्या आधी पंधरा दिवस ते रोज खाटेवर पडून सराव करत आणि मला श्वास दिसतो का ते पाहायला बसवत. शूटिंगच्या दिवशी पांढरी चादर अंगावर, भोवती रडणारी मंडळी, आणि चादरीखालून आवाज आला, पंखा बंद करा, गळा धरते. मग मोबाइलवर पाहायची एक मालिका आली, तिच्यात ते जुन्या काळचे दुष्ट मालगुजार झाले. तुमसरच्या बाजारात एका म्हातारीनं यांना ओळखलं आणि वांगे तोलता तोलता विचारलं की त्या गरिबाची जमीन कायले हडपली. शाहीर तिला पटवत बसले की ती हडपली नाही, तसं लिहून दिलं होतं. ती म्हणाली, कोणी लिहून देलं म्हणून घ्या लागते का. त्या प्रश्नाची काळजी त्यांनी आठ दिवस केली.

मी हे हसत लिहितो आहे, पण त्या दोन वर्षांत मी हसत नव्हतो. कारण शाहीर बदलायला लागले होते, आणि ते सगळ्यात आधी मला दिसलं. एक दिवस ते टपरीवर बोलता बोलता बाकावर बसले. नुसते बसले नाहीत, बसून बोलत राहिले, आणि एकाच माणसाकडे पाहून. माझ्या हातातला कप तसाच राहिला. आवाज खाली गेला, इतका की टपरीवरची माणसं पुढे वाकून ऐकायची. मॅडम म्हणतात कमी करा बाबा, अजून कमी, असं ते मला सांगायचे, आणि कमी करण्यात त्यांनी आपला सगळा जीव लावला होता, जसा आधी वाढवण्यात लावला होता. वहिनींना तर मजा झाली. "मले बरंच हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पैल्यांदा घरात भांड्यायचा आवाज आयकू येऊन राहिला." मी हो म्हटलं. पण मला घरी जाऊन भाकर गोड लागली नाही. हा माणूस फिरणं विसरला तर गंमत गेली, आणि गंमत गेली तर मी कोण. बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धान लावणारे हजार आहेत. झीलकरी मी एकच होतो.

हे मी त्यांना बोललो नाही. बोलले तेच. २०२४ सालची दिवाळी आठ दिवसांवर होती. वरठीच्या बाकावर आम्ही गाडीची वाट पाहत होतो, अर्थात दोन तास आधी. ते म्हणाले, "एका डब्यात दोन वस्तू ठेवल्या का वास लागते गा. तिकडचं इकडं लागलं तं? मी मंडईत उभा राह्यलो अन् मले फिरताच नाही आलं तं?"

मी तेव्हा काय म्हणायला पाहिजे होतं ते मला आज माहीत आहे. मी म्हणायला पाहिजे होतं की मी मागे आहे. पण माझा स्वभाव वाकडा, आणि त्या दिवशी त्यांना शूटिंगला नेणाऱ्या माणसानं मला विचारलं होतं की बाबांसोबत तुम्हीही यायलाच पाहिजे का. त्याचा राग मी यांच्यावर काढला. म्हटलं, तुम्ही पिच्चर पाहा, गंमत आम्ही पाहून घेऊ. शाहिरांनी मफलर आवळला आणि रुळाकडे पाहत राहिले.

कारध्याच्या पुढच्या एका गावी दर साली दिवाळीच्या चौथ्या दिवशी मंडई, आणि तिथे आमचा दुय्यम सामना. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्या, एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. समोरचे शाहीर यांच्याच वयाचे, जाडजूड, मिशा अशा की डफाच्या आडूनही दिसतात. वीस वर्षं हे दोघं मैदानात एकमेकांची उभी लाज काढतात आणि मग एका पंगतीत बसून एकमेकांच्या पानात भात वाढतात. गावची मंडळी महिनाभर आधी नारळ घेऊन आली होती. नारळ हाती घेतला की तो शब्द, मग ताप असो की तेरवी. शाहिरांनी घेतला होता. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी शूटिंग होतं, सहाला गाडी दारात येणार होती, आणि मॅडमचा फोन आला होता की आवाज सांभाळा. त्यामुळे टेम्पोत सगळा वेळ हे गरम पाण्याचे घोट घेत होते. मी डबकी धरून बसलो होतो आणि एकच गोष्ट देवाला मागत होतो की यांनी फिरावं.

मैदानात पोहोचलो तर नेहमीचं गोल बसलेलं गाव नव्हतं. पिच्चरवाले बाबा येणार म्हणून जवान मंडळी सगळी पूर्वेच्या बाजूला दाटली होती, मोबाइल हातात. बाकी तीन बाजूंना बाया, म्हातारे, पोत्यांवर बसलेले, दर सालासारखे. मिशावाल्या शाहिरांनी सवाल टाकला आणि ते आपल्या माणसांसोबत सतरंजीवर बसले. आमचे शाहीर उठले. पूर्वेकडे तोंड केलं आणि कानावर हात ठेवला. शंभर मोबाइल एकदम वर झाले.

आणि ते तिथेच थांबले. पहिली कडी पूर्वेला म्हटली. दुसरी पूर्वेलाच. आम्ही तिघांनी सवयीनं पाऊल टाकलं, फिरलो, पाहतो तर शाहीर जागेवर. परत आलो. तिसरी कडी पूर्वेला. आणि आवाज तो, आजारी घरातला, कॅमेऱ्याजवळच्या एका माणसासाठीचा. पश्चिमेकडून एक बाई ओरडली, "ओ शाहीर, इकडं बी मानसंच बसले हायत ना, बाप्पा." त्यांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी जिथे उभा होतो तिथून मान वळवली की मला त्या तीन बाजूंचे चेहरे दिसत होते, आणि त्यांना आमच्या शाहिरांची पाठ दिसत होती, फक्त पाठ. माझी कानशिलं तापली. शाहिरांनी चौथी कडी घेतली, उत्तरातली मुख्य कडी, त्यांनी स्वतः बांधलेली:

पाण्याले लागली तहान, ते गेलं कोणाच्या दारी.

टोक सोडलं. आणि मी तोंड बंद ठेवलं.

बाकीचे दोघं माझ्याकडे पाहून झील सुरू करतात. मी गप्प, तर ते गप्प. माझा हात तारेवर होता, तोही थांबवला. एवढ्या मोठ्या मैदानात जत्रेतल्या आकाशपाळण्याची करकर तेवढी ऐकू येत होती. शाहीर थांबले, जसे डॉक्टरांसमोर थांबले होते तसे. त्यांची मान मला दिसत होती. ती आधी ताठ झाली, मग कान लाल झाले, मग फेट्याखालून घामाची एक धार उतरली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना वाटलं असेल की येईल, आता येईल. मला वाटलं की आता फिरतील. दोघंही थांबलो.

तेव्हा सतरंजीवरून, बसल्या बसल्या, मिशावाल्या शाहिरांनी टोक उचललं. कोणाच्या दारी हो जी. त्यांच्या माणसांनी मान वर केली, त्यांना क्षणभर कळलं नाही, मग तेही मिळाले. कोणाच्या दारी हो जी, कोणाच्या दारी. समोरच्या पार्टीनं आमच्या शाहिराची झील ओढली. असं माझ्या उभ्या जन्मात मी पाहिलं नव्हतं, माझ्या गुरूनंही पाहिलं नव्हतं.

त्या आवाजाकडे आमचे शाहीर वळले. वळता वळता त्यांचं तोंड माझ्यासमोरून गेलं. राग नव्हता त्यात. आंबागडच्या स्टुलावरून मी पाहिली होती तीच भीती होती, पण यावेळी तिनं माझ्याकडे पाहून काही मागितलं नाही. ते पुढे गेले. एक पाऊल, एक कडी, दक्षिण. एक पाऊल, एक कडी, पश्चिम. आवाज उघडत गेला, मफलर गळून पडला, आणि उत्तरेच्या कडीला तर पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. जवान मंडळी मोबाइल घेऊन त्यांच्यामागे गोल पळू लागली. सगळं उत्तर त्यांनी विरोधकांच्या झिलेवर पूर्ण केलं. मी काखेत चोनकं धरून मधात उभा होतो, खांब गाडावा तसा.

त्या साली जिंकलं कोण हे कोणी ठरवलं नाही. पंगतीला बसायच्या आधी मिशावाले शाहीर माझ्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, "तुमचं भांडन तुमच्या घरी करा गा. कडी उघडी नोका टाकू."

परत येताना शाहीर टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ बसले, मी मागे डफ-ढोलकांत. कारध्याचा पूल आला, गेला. त्यांनी दोर घट्ट बांधले का विचारलं नाही. डिझेल पुरेल का विचारलं नाही. समोरून येणाऱ्या ट्रकला ड्रायव्हर अंधूक उजेडात पाहतो का नाही, तेही नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस काळजी करत नव्हता, आणि मला तेव्हा जी भीती वाटली तशी मला बापाच्या आजारपणातही वाटली नव्हती. त्यांचं घर आलं. ते उतरले. मफलर माझ्याजवळ राहिला होता तो मी पुढे केला, त्यांनी घेतला, आणि फाटक लावून आत गेले. सांभाळून जा, असंही म्हणाले नाहीत.

मी आयुष्यात कोणाची माफी मागितली नाही. मला ते येत नाही. काही माणसांना पोहता येत नाही, तसं. घरी बायकोनं विचारलं गंमत कशी झाली, मी म्हटलं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी सायकल काढली आणि शाहिरांच्या घरी गेलो. शूटिंगची गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हर काचेवरचं दव पुसत होता. वहिनी अंगणात सडा टाकत होत्या. सायकल कुंपणाला लावली, फाटकाजवळ उभा राहिलो, कानावर हात ठेवला आणि काल राहिलेली झील ओढली. कोणाच्या दारी हो जी, कोणाच्या दारी. चोनकं नाही, सोबती नाही, चौसष्ट वर्षांचा गळा आणि कार्तिकातली थंडी. मधात आवाज चिरला. मी सोडली नाही, दम संपेपर्यंत ओढली. ड्रायव्हरचा हात काचेवर तसाच राहिला. वहिनींनी बादली खाली ठेवली.

शाहीर दारात आले होते, एका हातात दातांचा ब्रश. मान थोडी वाकडी करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "अर्धा सूर खाली होता गा. पुन्हा घे."

मी पुन्हा घेतली. यावेळी बरी आली.

ते चूळ भरून, कपडे करून आले आणि गाडीत बसले. मला या म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. गाडी वळली, पुढे गेली, आणि कडुनिंबाजवळ थांबली. काच खाली झाली. "तुया सायकलीच्या मागच्या चाकात हवा कमी दिसते," ते म्हणाले. "पडशीन कुठंतरी. पाहून घेजो."

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी वाकून अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं. हवा भरपूर होती. तरी मी सायकलवर बसलो नाही. धान कापायला माणसं येऊन थांबली असतील हे माहीत असूनही ती हातानं ढकलत ढकलत बांधीपर्यंत घेऊन गेलो.